मोडस पोनेन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोडस पोनेन्स म्हणजे नेमकं काय?

अनुमानाचा एक नियम. एखादं जर-तर विधान आपण मान्य केलेलं आहे आणि त्यातला ‘जर’चा भाग खरा आहे हेही मान्य आहे. मग ‘तर’चा भाग सुटा करून, स्वतःच्या पायावर उभा करून मांडायला मोकळीक मिळते. मांडणी अशी:

जर क, तर ख.
क.
म्हणून ख.

‘जर’नंतरच्या भागाला पूर्वांग म्हणतात आणि ‘तर’नंतरच्या भागाला उत्तरांग. पहिल्या दोन ओळी ही आधारविधानं, तिसरी ओळ हा निष्कर्ष. उदाहरणार्थ, एखाद्या संख्येला ६ ने भाग जात असेल तर तिला ३ ने भाग जातोच. ७,४१६ ला ६ ने भाग जातो. म्हणून ७,४१६ ला ३ ने भाग जातो. शेवटची ओळ लिहिण्यासाठी ३ ने भागून बघावं लागलं नाही.

एक गोष्ट आत्ताच ध्यानात ठेवा. इथे क आणि ख यांच्या जागी पूर्ण विधानं येतात, सुटे शब्द येत नाहीत. पुढे इतिहासाच्या प्रश्नात याचं काम पडणार आहे.

हे तर शेंबड्या पोरालाही कळतं. याला नियम कशाला म्हणायचं?

कळतं हे खरं. पण सिद्धता म्हणजे कळण्याचा नव्हे, दाखवण्याचा मामला. प्रत्येक ओळ कोणत्या परवानगीने लिहिली हे सांगता आलं पाहिजे, आणि गणितातल्या बहुतेक सिद्धतांमध्ये ही परवानगी इतक्यांदा वापरली जाते की तिचा उल्लेखही कुणी करत नाही. गोटलोब फ्रेगे या जर्मन गणितज्ञाने १८७९ मध्ये विचारासाठी एक चिन्हलिपी रचली, तेव्हा अनुमानाची रीत म्हणून त्याने हा एकच नियम उघडपणे मांडला. बाकी सगळा भार त्याने गृहीतकांवर टाकला. डेव्हिड हिल्बर्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतींतही असंच असतं: मूठभर गृहीतकं आणि हा एक नियम एवढ्या भांडवलावर विधानांचं सगळं तर्कशास्त्र उभं राहतं.

नियम खात्रीचा आहे हे सत्यता कोष्टकातून चटकन दिसतं. क आणि ख यांच्या खरे-खोटेपणाच्या चार जोड्या होतात. ‘जर क, तर ख’ त्यांतल्या एकाच जोडीत खोटं ठरतं: क खरं आणि ख खोटं असताना. ती ओळ पहिल्या आधारविधानाने बाद होते. क खोटं असलेल्या दोन ओळी दुसऱ्या आधारविधानाने बाद होतात. उरते एकच ओळ, आणि तिच्यात ख खरं आहे.

नावाचा अर्थ काय?

पूर्ण नाव ‘मोडस पोनेन्डो पोनेन्स’. लॅटिनमध्ये मोडस म्हणजे रीत, प्रकार. पोनेरे हे क्रियापद ठेवणे, मांडणे या अर्थाचं. एक गोष्ट मांडून दुसरी मांडणारी रीत, असा सगळ्याचा अर्थ: पूर्वांग मांडलं की उत्तरांग मांडलं जातं.

नाव एकटं नाही, चार भावंडं आहेत. दुसरं क्रियापद टोलेरे, म्हणजे उचलणे, काढून टाकणे. (आपलं ‘तोलणे’ आणि ‘तुला’ ही दूरच्या नात्याने त्याच मुळाची.) मोडस टोलेन्डो टोलेन्समध्ये उत्तरांग काढून घेतलं की पूर्वांगही जातं: जर क तर ख, ख नाही, म्हणून क नाही. पोनेन्डो टोलेन्समध्ये एक मांडून दुसरं काढायचं: क आणि ख दोन्ही एकदम असू शकत नाहीत, क आहे, म्हणून ख नाही. टोलेन्डो पोनेन्स याच्या उलट: क किंवा ख, क नाही, म्हणून ख. पहिल्या दोघांची नावं बोलता बोलता आखूड झाली, मोडस पोनेन्स आणि मोडस टोलेन्स. उरलेली दोन आता जुन्या पुस्तकांतच जास्त भेटतात.

याचं अनेकवचन काय करायचं?

लॅटिनमध्ये ‘मोडी’. मराठीत ते वापरलंत तर वाचक दप्तरखान्यात जाऊन पोचेल. ‘मोडस पोनेन्सचे प्रकार’, ‘मोडस पोनेन्सची उदाहरणं’ असं लिहून वेळ भागते.

हा नियम ॲरिस्टॉटलने शोधला ना?

नाही. पण गैरसमज समजण्यासारखा आहे, कारण पाश्चात्त्य तर्कशास्त्र म्हटलं की पहिलं नाव त्याचं येतं.

ॲरिस्टॉटलच्या (इ. स. पू. ३८४–३२२) संवाक्यांत अक्षरांच्या जागी पदं येतात: ‘सर्व अ हे ब आहेत, सर्व ब हे क आहेत, म्हणून सर्व अ हे क आहेत.’ इथे अ म्हणजे ‘माणूस’, ‘प्राणी’ असा शब्द, विधान नव्हे. अट घालून केलेल्या अनुमानांचा उल्लेख तो करतो, त्यांविषयी पुढे सांगेन असंही म्हणतो, पण ते विवेचन आपल्यापर्यंत आलेलं नाही. त्याच्या शिष्यांपैकी थिओफ्रास्टस आणि युडेमस यांनी या बाजूला काही काम केलं.

नियमाला पहिल्यांदा मानाचं पान दिलं ते स्टोइकांनी. किटिअमच्या झीनोने इ. स. पू. ३०० च्या सुमारास अथेन्समधल्या एका रंगीत चित्रं असलेल्या ओसरीत शिकवायला सुरुवात केली. ग्रीकमध्ये ओसरी म्हणजे ‘स्टोआ’, त्यावरून पंथाचं नाव पडलं. या पंथाचा तिसरा प्रमुख क्रिसिपस (सुमारे इ. स. पू. २७९–२०६), सिलिसियातल्या सोली गावचा. डायोजेनिस लार्शियस या चरित्रकाराने त्याच्या नावावर सातशेहून अधिक ग्रंथ घातले आहेत, त्यांतले तीनशेच्या वर एकट्या तर्कशास्त्रावरचे. त्यांपैकी एकही पूर्ण उरलेला नाही. आपल्याला जे कळतं ते डायोजेनिसकडून आणि सेक्स्टस एम्पिरिकसकडून, म्हणजे बरंचसं विरोधकाच्या तोंडून: सेक्स्टस संशयवादी होता आणि स्टोइकांना खोडण्यासाठी त्यांना उतरवून घेत होता. विरोधकाने इतकं नेटकं टिपण ठेवलं म्हणून पंथाचं तर्कशास्त्र वाचलं, याची मला नेहमी गंमत वाटते.

क्रिसिपसने पाच अनुमानप्रकार ‘ज्यांना सिद्धतेची गरज नाही’ असे मानले. त्यांतला पहिला हा: ‘जर पहिलं, तर दुसरं, पण पहिलं आहे, म्हणून दुसरं.’ आपण जिथे अक्षरं वापरतो तिथे स्टोइक क्रमवाचक शब्द वापरत, आणि त्यांच्या जागी येत ती पूर्ण विधानं. त्यांचं ठरलेलं उदाहरण: ‘दिवस असेल तर उजेड आहे, दिवस आहे, म्हणून उजेड आहे.’

दुसरा प्रकार आपला मोडस टोलेन्स. पाचवा ‘एक तर हे किंवा ते’ या धर्तीचा, आणि त्याबद्दलची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. क्रिसिपसच्या मते शिकारी कुत्र्यालाही तो येतो. माग काढत तिवाट्यावर आला की कुत्रा दोन वाटा हुंगतो, वास लागला नाही तर तिसरीवर न हुंगता धाव घेतो.

मग स्टोइकांचं श्रेय ॲरिस्टॉटलला का गेलं?

ग्रंथ हरवले, आणि जे उरलं त्याकडे ॲरिस्टॉटलच्या चष्म्यातून पाहिलं गेलं. एकोणिसाव्या शतकात कार्ल प्रांट्ल याने तर्कशास्त्राचा मोठा इतिहास लिहिला. त्यात त्याने स्टोइकांना रटाळ आणि पोकळ म्हणून जवळजवळ मोडीतच काढलं. १९३० च्या दशकात पोलिश तर्कज्ञ यान लुकासिएविच याने दाखवून दिलं की स्टोइकांचं तर्कशास्त्र विधानांचं आहे, ॲरिस्टॉटलचं पदांचं, आणि दोन्ही वेगळी शास्त्रं आहेत. फ्रेगेने जे नव्याने उभं केलं त्याचा पूर्वज क्रिसिपस, हे तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं. माझ्या मते तर्कशास्त्राच्या इतिहासात इतकी मोठी दुरुस्ती दुसरी झालेली नाही.

ग्रीकांचा नियम, मग नाव लॅटिन कसं?

स्टोइक अनुमानाच्या साच्याला ‘ट्रोपोस’ म्हणत, म्हणजे रीत. लॅटिन ‘मोडस’ हा त्याचाच अवतार. इ. स. पू. ४४ च्या उन्हाळ्यात सिसेरोने ट्रेबेशियस या कायदेपंडित मित्रासाठी युक्तिवादांवर एक छोटा ग्रंथ लिहिला, तोही समुद्रप्रवासात. त्यात तो या अनुमानाला ‘निष्कर्षाची पहिली रीत’ म्हणतो. वकिलाला उपयोगी म्हणून तर्कशास्त्र! सहाव्या शतकाच्या आरंभी बोएथियसने अटींच्या अनुमानांवर लॅटिनमध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि त्यामार्गे हा विषय मध्ययुगीन युरोपच्या पाठशाळांत गेला. पोनेन्स-टोलेन्स ही जोडनावं त्या लॅटिन परंपरेची. क्रिसिपसला ती ऐकवली असती तर त्याला काहीच बोध झाला नसता. त्याच्या लेखी हा फक्त ‘पहिला’ होता.

विसाव्या शतकात पोलिश तर्कज्ञांनी आणखी एक नाव रूढ केलं: विलगीकरणाचा नियम, कारण उत्तरांग जर-तरच्या सांगाड्यातून वेगळं निघतं. मला ते जास्त आवडतं, पण पाठ्यपुस्तकांत लॅटिन नावच टिकलं.

जर-तर विधान केव्हा खरं मानायचं यावर मतभेद आहेत म्हणे?

फार जुने. मेगाराचा फिलो म्हणे, पूर्वांग खरं आणि उत्तरांग खोटं नसलं की झालं; आजचं सत्यता कोष्टक हेच सांगतं. त्याचा गुरू डायोडोरस क्रोनस याला एवढं पुरेसं वाटेना. पूर्वांग खरं आणि उत्तरांग खोटं अशी पाळी कधीच येऊ शकत नसेल तरच विधान खरं, असं त्याचं म्हणणं. तिसरा पक्ष उत्तरांगाचा नकार पूर्वांगाशी विसंगत असला पाहिजे, असा आग्रह धरी. हा वाद इतका पेटला की कवी कॅलिमॅकसने टोमणा मारला: छपरावरचे कावळेसुद्धा जर-तरवरूनच कावकाव करतायत.

मोडस पोनेन्स मात्र या तिन्ही अर्थांनी टिकतो. भांडण जर-तर विधान कमवायचं कसं याचं होतं, खर्चायचं कसं याबद्दल सगळे एकमत.

आपल्या न्यायदर्शनात हा नियम होता का?

जवळचं काही होतं, हेच नव्हतं. न्यायाचं पंचावयवी वाक्य असं चालतं: पर्वतावर अग्नी आहे (प्रतिज्ञा), कारण धूर आहे (हेतू), जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात (उदाहरण), हा पर्वतही तसाच धूर असलेला (उपनय), म्हणून पर्वतावर अग्नी आहे (निगमन). यातलं ‘जिथे जिथे’ म्हणजे व्याप्ती, ते सर्वव्यापी विधान आहे. ते आधी एका पर्वतावर लावायचं आणि मग अग्नी काढायचा. मोडस पोनेन्स या प्रवासाच्या शेवटच्या पावलात सापडतो, सगळा प्रवास म्हणजे तो नव्हे. शिवाय नैयायिकांचा मुख्य प्रश्न ज्ञान कसं होतं हा होता. उदाहरणाचा आग्रह त्यातूनच येतो. आकारिक तर्कशास्त्राला स्वयंपाकघराशी देणंघेणं नसतं.

न्यायात ‘तर्क’ या शब्दाला खास अर्थ आहे: ‘इथे अग्नी नसता तर धूरही नसता’ अशी केलेली योजना. तिचं नातं मोडस टोलेन्सशी जास्त जुळतं. तरीही ‘सगळं आपल्याकडे आधीच होतं’ म्हणण्याचा मोह आवरावा. दोन्ही परंपरांचे प्रश्न वेगळे आहेत, आणि ते वेगळे ठेवले तरच दोन्हींची उंची दिसते.

सगळ्यात नेहमीची चूक कोणती?

उलटं धावणं. ‘जर क तर ख, ख आहे, म्हणून क.’ ९ ला ३ ने भाग जातो, म्हणून ६ ने जातो असं म्हटल्यासारखं. या दोषाला उत्तरांग-स्वीकृती म्हणता येईल. तिची जुळी बहीण पूर्वांग नाकारण्याची: ‘जर क तर ख, क नाही, म्हणून ख नाही.’ ९ ला ६ ने भाग जात नाही, पण ३ ने जातोच की.

मराठीत ही घसरण कुठून होते ते नेमकं दाखवता येतं: एका ‘च’मधून. ‘अर्ज वेळेत भरला तर प्रवेश मिळेल’ आणि ‘अर्ज वेळेत भरला तरच प्रवेश मिळेल’ ही दोन वेगळी वचनं आहेत. पहिलं सांगतं, वेळेत भरणं पुरेसं आहे. दुसरं सांगतं, वेळेत भरणं आवश्यक आहे, आणि भरूनही प्रवेश हुकू शकतो. दुसऱ्यावरून मोडस पोनेन्स लावून कार्यालयात भांडायला जाल तर परत याल. बोलताना आपण ‘तर’ म्हणतो आणि ऐकणारा ‘तरच’ ऐकतो, किंवा उलट. निम्म्या जाहिराती आणि बऱ्याच निवडणूक घोषणा या फटीत उभ्या असतात.

माणसं खरंच या नियमाने विचार करतात का?

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन याने १९६६ मध्ये एक कोडं मांडलं. टेबलावर चार पत्ते. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. समोर दिसतात एक स्वर, एक व्यंजन, ४ आणि ७. नियम: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक आहे. नियम खरा की खोटा हे ठरवायला कोणते पत्ते उलटावेत? उत्तर: स्वर आणि ७. स्वराचा पत्ता जवळजवळ सगळे उलटतात, म्हणजे मोडस पोनेन्स सहज जमतो. ७ च्या पत्त्याला मोडस टोलेन्स लागतो, तो फार थोड्यांना सुचतो. बरेच जण ४ उलटतात, तिथे काहीच सिद्ध होत नाही.

१९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी फ्लोरिडात हेच कोडं बिअर आणि वयाच्या अटीत घालून विचारलं: कोण काय पितंय आणि कोणाचं वय किती. तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी ते बरोबर सोडवलं. साचा तोच, पण नियम मोडणाऱ्याला पकडायचं म्हटल्यावर डोकं चालतं.

कासव आणि अकिलीसची भानगड काय आहे?

या विषयातलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण. ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात १८९५ मध्ये लुईस कॅरलचा एक छोटा संवाद छापून आला. कॅरल म्हणजे ऑक्सफर्डमधले गणिताचे व्याख्याते चार्ल्स डॉजसन.

अकिलीस कासवाला युक्लिडमधली एक साधी पायरी दाखवतो. क: एकाच गोष्टीइतक्या असलेल्या गोष्टी एकमेकींइतक्या असतात. ख: या त्रिकोणाच्या या दोन बाजू एकाच गोष्टीइतक्या आहेत. म्हणून ज्ञ: या दोन बाजू एकमेकींइतक्या आहेत. कासव म्हणतं, क मान्य, ख मान्य, ज्ञ का मानू? अकिलीस म्हणतो, क आणि ख खरे असतील तर ज्ञ खरं असलंच पाहिजे. कासव म्हणतं, छान, हे ग म्हणून वहीत लिही. लिहिलं. आता क, ख, ग मान्य. पण ज्ञ का मानू? क, ख आणि ग खरे असतील तर ज्ञ खरं, म्हणून! हेही लिही, घ. वही भरत जाते, ज्ञ येत नाही.

कासवाची खोच अशी की नियमाला आणखी एक विधान म्हणून यादीत घातलं की ते विधान वापरण्यासाठी पुन्हा नियम लागतो. यादी कितीही वाढवा, यादीतून निष्कर्षावर पाय टाकण्याची कृती यादीत मावत नाही. बर्ट्रांड रसेलने १९०३ मध्ये या संवादाची दखल घेतली. पुढे व्हाइटहेडबरोबरच्या गणिताच्या पायाभरणीच्या ग्रंथातही (पहिला खंड, १९१०) हा नियम शब्दांत सांगावा लागला आणि तो चिन्हांत मांडता येत नाही अशी कबुली द्यावी लागली. म्हणून तर्कशास्त्राच्या पुस्तकात गृहीतकांची यादी वेगळी आणि नियमांची वेगळी असते. ‘जर (जर क तर ख, आणि क), तर ख’ हे सर्वतः सत्य विधान आहे, पण ते मोडस पोनेन्स नव्हे. ते पानावर नुसतं पडून राहू शकतं.

मोडस पोनेन्स कधी फसतो का?

दोन ठिकाणी लोकांनी बोट ठेवलं आहे.

पहिलं जुनं, मिलेटसच्या युबुलिडीसचा ढीग. वाळूचे १०,००० कण म्हणजे ढीग. ढिगातून एक कण काढला तरी ढीग ढीगच राहतो. मग ९,९९९ कणही ढीग, ९,९९८ ही ढीग, आणि हाच नियम ९,९९९ वेळा लावला की एका कणाचाही ढीग. कुठलीच पायरी चुकलेली दिसत नाही. क्रिसिपसला कोणी असं पायरीपायरीने विचारत नेलं तर तो संशयाची जागा येण्याआधीच गप्प बसावं म्हणे. संशयवाद्यांनी त्याची टर उडवली. मला ते शहाणपणाचं वाटतं. इथे बहुतेकांचं बोट नियमावर नसतं, ‘एक कण काढला तरी’ या आधारविधानावर असतं.

दुसरं नवं आणि जास्त टोचणारं. व्हॅन मॅगी याने १९८५ मध्ये अमेरिकेच्या १९८० च्या निवडणुकीचं उदाहरण दिलं. चाचण्यांमध्ये रिपब्लिकन रेगन पुढे, डेमोक्रॅट कार्टर दुसरा, आणि दुसरा रिपब्लिकन अँडरसन कितीतरी मागे. आता बघा: रिपब्लिकन जिंकला, तर रेगन जिंकला नाही तर अँडरसन जिंकेल. रिपब्लिकन जिंकणार आहे. म्हणून रेगन जिंकला नाही तर अँडरसन जिंकेल. दोन्ही आधारविधानं पटतात, निष्कर्ष पटत नाही. रेगन नाही तर कार्टर, असंच कोणीही म्हणेल. सत्यता कोष्टकातल्या जर-तरला याने धक्का लागत नाही. पण रोजच्या बोलण्यातल्या, जर-तरच्या पोटात दुसरं जर-तर असलेल्या वाक्यांना नियम डोळे झाकून लागू पडतो का, यावर अजून लेख लिहिले जातात.

आधारविधानांची पूर्ण खात्री नसेल तर?

निष्कर्षाची खात्री घटते. सत्यता कोष्टकातलं जर-तर धरलं, त्याची शक्यता ९० टक्के आणि पूर्वांगाची ९० टक्के असेल, तर उत्तरांगाची किमान हमी ८० टक्क्यांचीच. अनिश्चिततेची बेरीज होत जाते. ‘असं झालं तर तसं होईल, तसं झालं तर...’ असे सात-आठ मजले चढवणाऱ्याचा प्रत्येक मजला वैध असतो, आणि गच्चीवर उभं राहायला मात्र कोणी धजू नये.

संगणकाचा याच्याशी काय संबंध?

फार जवळचा. ‘जर-तर’ नियमांचा साठा आणि माहिती असलेली तथ्यं घेऊन नवी तथ्यं काढत जाणाऱ्या प्रणाली हाच नियम पुन्हा पुन्हा चालवतात. जॉन रॉबिन्सनने १९६५ मध्ये मांडलेल्या ‘रिझोल्यूशन’ नियमाचा हा एक खास प्रकार ठरतो. आणखी सुंदर नातं हॅस्केल करी आणि विल्यम हॉवर्ड यांच्या नावाने ओळखलं जातं: ‘जर क तर ख’ची सिद्धता म्हणजे क घेऊन ख देणारं फंक्शन. त्याला क दिलं की ख मिळतं. लीनसारख्या सिद्धता तपासणाऱ्या भाषेत मोडस पोनेन्ससाठी वेगळी आज्ञा लागत नाही. फंक्शनपुढे त्याला हवं ते ठेवलं की झालं.

अकरावी-बारावीच्या तर्कशास्त्रात ‘एम. पी.’ वापरताना काय सांभाळायचं?

नियम पूर्ण ओळीला लागतो, ओळीच्या तुकड्याला नाही. एका ओळीत ‘(जर क तर ख) किंवा ग’ आहे आणि दुसरीत क, म्हणून ख लिहिता येत नाही. जर-तर हीच त्या ओळीची मुख्य जोडणी असली पाहिजे. दोन आधारविधानांचा क्रम मागेपुढे झाला तरी चालतं, मधे इतर ओळी असल्या तरी चालतं, पण दोन्ही ओळींचे क्रमांक समासात लिहायचे. आणि नकार बघून घाबरू नका: ‘जर क नाही, तर ख’ ही एक ओळ आणि ‘क नाही’ ही दुसरी, तर ख काढणं हे एम. पी.च आहे, एम. टी. नव्हे. पूर्वांग जसं लिहिलंय तसंच्या तसं दुसऱ्या ओळीत आलं पाहिजे, एवढीच अट.